आधी वाट, मग बाबागाडी

सातवा महिना लागला आणि घरात बाळाच्या तयारीची गडबड सुरू झाली. माझ्या डोक्यात मात्र भुरीचं फिरणं घोळत होतं. भुरी आमची कुत्री, पाच वर्षांची, अंगाने थोराड, पण मोकळ्या रानात गेली की नुसती भिरभिरते. सकाळी तासभर आणि संध्याकाळी अर्धा तास आम्ही दोघी बाहेर असायचो. डांबर संपलं की गाडीवाट, मग ओढ्यावरची फरशी, पुढे बांधाच्या कडेने जाणारी पायवाट आणि शेवटी दगडगोट्यांचा एक चढ.

"आता भुरीला कोण फिरवणार गं?" असं जो तो विचारायचा. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर ठरलेलं असायचं, की दुसरं कुणीतरी. मला ते मान्य नव्हतं. घरात बाळ आलं म्हणून भुरीची सकाळ का जावी? शिवाय ती सकाळ माझीही होती. गरोदरपणातल्या सगळ्या काळज्या मी त्याच वाटेवर चालून जिरवल्या होत्या. बाळ पोटात असताना त्या वाटेने रोज येतच होतं, बाहेर आल्यावरही येईल, हे मी ठरवून टाकलं. प्रश्न उरला तो कशातून येईल एवढाच.

नात्यातल्या एका घरून एक बाबागाडी आयती मिळाली. छत्रीसारखी मिटणारी, हलकी, एका हाताने उचलता येणारी. या जातीच्या गाड्यांचा मूळपुरुष म्हणजे ओवेन मॅक्लारेन. हा विमानांचा अभियंता, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला. उतरताना बाहेर येणारी आणि उडाल्यावर मिटून पोटात जाणारी चाकं ज्याने हाताळली, त्याला मिटणारी बाबागाडी सुचावी यात नवल नाही. १९६५ साली त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, जेमतेम तीन किलोंची बाबागाडी केली आणि जिने, बस, आगगाड्या यांतून बाळ घेऊन फिरणाऱ्या आयांचे हात मोकळे झाले. त्या गाडीबद्दल मला आदर आहे. पण ती फरसबंद रस्त्याची लेक. आमच्या गाडीवाटेवर रिकामीच नेली, तर वीस पावलांत तिची पुढची चाकं खडीत रुतली आणि हॅंडल माझ्या पोटावर आलं. सातव्या महिन्यात तो धक्का लागला तेव्हा मी वाटेतच बसले. भुरी येऊन माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

त्या दिवशी बसल्या बसल्या मी पहिल्यांदा त्या वाटेकडे चाकाच्या नजरेने पाहिलं. पाय किती गोष्टी माफ करतो! लिंबाएवढा दगड पायाला कळतही नाही. चाकाला मात्र तो दगड म्हणजे भिंत. घरी येऊन मी कागदावर गणित मांडलं. शाळेत शिकलेलं होतं तेवढंच, चाक, अडथळा आणि त्रिकोण. तीन सेंटिमीटर उंचीचा दगड आणि पंधरा सेंटिमीटर व्यासाचं चाक असेल, तर चाक दगडावर चढवायला त्यावर जेवढा भार आहे त्याच्या सव्वापटीहून जास्त जोर आडवा लावावा लागतो. चाक चाळीस सेंटिमीटरचं असेल तर भाराच्या साठ-बासष्ट टक्के जोरात काम भागतं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. दगड तोच, भार तोच, हातही तेच. मोठं चाक हा दिखावा नाही हे मला त्या कागदाने पटवलं. दणकट म्हणून विकल्या जाणाऱ्या बाबागाड्यांची मागची चाकं सोळा इंची आणि पुढचं बारा इंची का असतं, याचं कारण एवढं साधं आहे.

पण नवजात बाळासाठी चाक ही पुढची गोष्ट. आधी पाठ. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या साधारण पाव भाग असतं आणि ते पेलायला मानेत बळ नसतं. बसतं केलं की डोकं पुढे येतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. हे इतकं गुपचूप होतं की बाळ फक्त छान झोपल्यासारखं दिसतं. म्हणून बाळ आपलं आपण बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, बाबागाडीत ते सपाट आडवंच हवं. कॅरीकॉट हवा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर बसणारा सपाट तळाचा पाळणा, त्यातली गादी सपाट आणि घट्ट हवी, उशी नको. काही बाबागाड्यांवर मोटारीची शिशु-आसनं बसवता येतात. दुकानात ते फार सोयीचं वाटतं, पण त्या आसनात बाळ अर्धवट बसलेलं असतं. मोटारीच्या प्रवासापुरतं ते आवश्यकच, तासाभराच्या रानातल्या फेरीसाठी नाही. या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेतलं नाही, पुढेही घेणार नाही.

मग दोन गाड्या आठवडाभरासाठी मागून आणल्या. दोन्ही तीन चाकांच्या, दोन्हींवर सपाट कॅरीकॉट. एकीच्या टायरमध्ये हवा, दुसरीच्या टायरमध्ये भरीव फोम. फोमवालीला पंक्चरची भीती नाही आणि आमच्या वाटेवर काट्यांची कमी नाही, म्हणून माझा कल आधी तिच्याकडेच होता.

बाळ जन्माला येतं ते साधारण तीन किलोंचं. म्हणून मी एकेक लिटरच्या पाण्याच्या तीन बाटल्या चादरीत गुंडाळून कॅरीकॉटमध्ये आडव्या ठेवल्या. बाळाचं डोकं येईल त्या जागी चौथी बाटली ठेवली, लहान, पारदर्शक, अर्धीच भरलेली. तिच्यात पाण्याची रेघ स्पष्ट दिसायची. नवरा पुढे भुरीला घेऊन, मी मागे गाडी ढकलत, नजर त्या रेघेवर.

फोमच्या टायरवर, डांबर संपलं त्या क्षणी ती रेघ नाहीशी झाली. पाण्यावर बारीक काटा उभा राहिला, पाणी उकळायला लागण्याच्या जरासं आधी दिसतं तसं. हॅंडलवरून माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मग हवेच्या टायरची गाडी घेतली. आश्चर्य म्हणजे तिच्यातही जवळजवळ तेच. मी थांबले, खाली वाकून टायर दाबून पाहिला, दगडासारखा घट्ट. आणून देणाऱ्याने कौतुकाने हवा काठोकाठ भरलेली. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाचा जो आकडा असतो तो कमाल दाब, त्यापलीकडे जायचं नाही एवढाच त्याचा अर्थ. तिथपर्यंत भरलीच पाहिजे असं नव्हे. नवऱ्याने व्हॉल्व्हचं टोपण काढलं, नखाने पिन दाबली, फुस्स आवाजाने हवा सुटली. तिन्ही टायर अंगठ्याने दाबले तर किंचित आत जातील इतके मऊ केले. पुन्हा ढकललं. आणि बाटलीत रेघ परत आली. ती हलत होती, एका बाजूने वर, एका बाजूने खाली, पण सलग होती. पाणी थरथरत नव्हतं, हिंदकळत होतं.

मला हवी होती ती हीच गोष्ट, फक्त तिच्यासाठी शब्द सापडत नव्हता. हेलकावा बाळाला चालतो, आवडतोही. पोटात नऊ महिने त्याने दुसरं काय अनुभवलेलं असतं? थरथर नको होती. तोपर्यंत दणकट म्हटलं की मला जाड नळ्या आणि भक्कम सांगाडा दिसायचा. त्या बाटलीनंतर कळलं की सगळा दणकटपणा खाली चाकांत आणि स्प्रिंगांत मुरला पाहिजे, म्हणजे वर कॅरीकॉटमध्ये मऊपणा शिल्लक राहतो.

हवेच्या टायरची गोष्टही अशीच एका मुलापासून सुरू होते. रॉबर्ट विल्यम थॉमसनने हवेच्या टायरचं पेटंट १८४५ सालीच घेतलं होतं, पण ते मागे पडलं. पुढे बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचा प्राण्यांचा डॉक्टर होता. त्याचा मुलगा तीनचाकी सायकल चालवायचा, तिची चाकं टणक आणि रस्ते खडबडीत. बापाने रबराची नळी करून, तिच्यात हवा भरून ती त्या चाकांवर बसवली आणि १८८८ साली पेटंट घेतलं. जनावरांवर उपचार करणारा माणूस, लहान मूल आणि तीन चाकं. भुरीला बरोबर घेऊन तीन चाकांची गाडी ढकलताना मला तो बाप फार जवळचा वाटतो. युरोपात बाबागाड्यांच्या सुरक्षेचं जे मानक आहे त्याचा क्रमांकही ईएन १८८८ आहे. निव्वळ योगायोग, पण गाडीच्या चौकटीवरच्या पट्टीवर तो आकडा वाचला तेव्हा मला बरं वाटलं. या मानकाचा पहिला भाग पंधरा किलोंपर्यंतच्या बाळांसाठीच्या गाड्यांचा आहे आणि दुसरा त्यापुढे बावीस किलोंपर्यंतचा. गाडी घेताना ती पट्टी शोधून वाचावी, जुनी घेताना तर नक्कीच.

तीन चाकं की चार, यावर लोक हिरिरीने बोलतात. माझं मत वाटेने ठरवलं. आमच्या गाडीवाटेला दोन खोल चाकोऱ्या आहेत आणि मधे गवताचा उंचवटा. बाबागाडीची मागची दोन चाकं एकमेकांपासून साधारण साठ सेंटिमीटरवर, चाकोरी त्याच्या निम्म्या रुंदीचीही नाही. एक चाक चाकोरीत घातलं की दुसरं वर राहतं आणि गाडी कलते. म्हणून चालायचं ते मधल्या उंचवट्यावरून, आणि तिथे पुढे एकच चाक असलेली गाडी सरळ वाट कापते. आडव्या उतारावर मात्र तीनचाकी कलंडायला चारचाकीपेक्षा लवकर तयार होते, हे खरंच आहे. आमच्या वाटेवर बांधाच्या खाली पंधरा-वीस पावलांचा असा एक तुकडा आहे. तिथून मी जात नाही, थोडी माघारी येऊन वरून वळसा घेते. ज्यांची सगळी वाटच डोंगराच्या कुशीतून आडवी जाते त्यांनी चार चाकंच घ्यावीत.

पुढचं चाक फिरतं असावं आणि त्याला सरळ ठेवून कुलूप लावता यावं. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर फिरतं चाक एका बोटाने वळतं आणि माणूस भुलतो. खडबडीत जमिनीवर तेच चाक दगड लागला की आडवं होतं आणि गाडी जागच्या जागी अडते. डांबर संपतं तिथे वाकून ती खुंटी लावायची, परतताना काढायची. कुलूप लावलेली गाडी वळवायची तर हॅंडल किंचित दाबून पुढचं चाक उचलायचं. आणि पायरी किंवा मोठा दगड आला तर ढकलायचं नाही, गाडी फिरवून आपल्याकडे ओढायची. ढकलताना आपला जोर गाडीला जमिनीत दाबतो, ओढताना वर उचलतो. चार दिवसांत हाताला सवय होते.

उतारासाठी हॅंडलवर हाताचा ब्रेक आणि मनगटात अडकवायचा पट्टा, या दोन गोष्टींत तडजोड करू नये. ओल्या उतारावर चार महिन्यांचं बाळ, कॅरीकॉट आणि गाडी मिळून वीस-एक किलो वजन खाली ओढत असतं. पाय घसरला तर हॅंडल हातातून सुटणारच, मनगटातला पट्टा सुटत नाही.

आता भुरी. बाळ यायच्या दोन महिने आधीपासून आम्ही रिकाम्या गाडीबरोबर फिरायला सुरुवात केली. आधी अंगणात गाडी नुसती उभी, भुरीने हुंगली, चाकांना प्रदक्षिणा घातल्या. मग गाडी हलायला लागली, आणि ही मोठी धीट कुत्री चाकांच्या आवाजाला बिचकून चार पावलं मागे सरली. घाई केली नाही. रोज थोडं. तिची बाजू ठरवली, डावी. गाडी थांबली की मी पायाने ब्रेक दाबायचे, खट् आवाज व्हायचा, मी "बस" म्हणायचे, ती बसली की खाऊ. मग ब्रेक सोडायचा, "चल". कुत्र्याला नवीन माणसाबरोबर नवीन नियम एकदम शिकवले की त्याच्या लेखी ती शिक्षा त्या नव्या माणसामुळे असते. नियम आधी यावेत, बाळ नंतर.

एक चूक माझ्याकडून झाली ती इथे लिहायलाच हवी. एका संध्याकाळी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून मी भुरीचा पट्टा हॅंडलला अडकवला. पुढच्या वळणावर गवतातून ससा उठला. भुरीने झेप घेतली, गाडी एका चाकावर उभी राहिली आणि आडवी झाली. आत बाटल्या होत्या. एक फुटली, चादर भिजली. मी कितीतरी वेळ त्या ओल्या चादरीकडे पाहत उभी होते. असं सांगतात की १७३३ साली विल्यम केंटने इंग्लंडमधल्या एका सरदाराच्या मुलांसाठी जी पहिली बाबागाडी केली ती शेळीसारख्या छोट्या प्राण्याला जुंपून ओढायची होती. म्हणजे बाळाच्या गाडीला जनावर जुंपण्याची कल्पना बाबागाडीइतकीच जुनी. असेल. माझ्या गाडीला पुन्हा कधी पट्टा बांधला नाही. कमरेच्या पट्ट्यालाही नाही, कारण तिने ओढलं तर मी पडेन आणि माझ्याबरोबर हॅंडल जाईल. पट्टा हातात, लांब नाही, आणि ज्या दिवशी भुरी फार उधाणलेली असेल त्या दिवशी नवरा बरोबर.

हातातच असण्याचं आणखी एक कारण आहे. वाटेत गुरं चरत असतात आणि वासराजवळची गाय कुत्रं दिसलं की बिथरू शकते. लांबून वळसा घ्यायचा हे खरंच. पण गाय अंगावर आलीच तर पट्टा सोडून द्यायचा, कुत्रं पळून स्वतःला वाचवतं आणि गाय त्याच्या मागे जाते. बांधलेला पट्टा त्या क्षणी सोडता येत नाही.

बाळ सिझेरियनने झालं. पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडी आणि कॅरीकॉट मिळून चौदा किलो. निवड करताना मी वाटेचा, चाकांचा, भुरीचा, सगळ्यांचा विचार केला होता, माझ्या पोटावरच्या टाक्यांचा केला नव्हता. मोटारीच्या डिकीत भुरी बसते, तिथेच गाडीही ठेवायची होती, आणि दोघी मावेनात. मागची चाकं एका बटणात निघतात म्हणून सांगाडा पुढच्या सीटमागे उभा राहिला, तरी उचलणार कोण? शेवटी मोटारीने लांबच्या रानात जायचं सोडून दिलं. घराच्या दारातून ढकलत निघता येईल तेवढंच फिरायचं. आई रोज दारापर्यंत येऊन कॅरीकॉट लावून द्यायची. पहिल्यांदा गाडी पाहिली तेव्हा म्हणाली होती, "एवढं धूड कशाला गं आणलंस?" तिसऱ्या आठवड्यात तीच म्हणाली, "चाकात हवा कमी आहे बघ, भरून घे." तिने अंगठ्याने दाबून पाहिलं होतं.

पहिल्या चार महिन्यांत दोन पंक्चर झाली. दुसऱ्यानंतर ट्यूबमध्ये भोक आपोआप बुजवणारं द्रव भरलं, आणि छोटा पंप कायमचा खालच्या टोपलीत गेला. जड सगळं त्या टोपलीतच. हॅंडलला पिशवी टांगली की बाळ उचलल्याबरोबर गाडी मागे उलटते. उन्हासाठी छत्र आहे, तेवढंच. वरून दुपट्टा टाकू नये, पातळ असला तरी. आत हवा कोंडते, ऊब वाढत जाते आणि आपल्याला बाळ दिसत नाही. मला ते दिसलं पाहिजे. पाऊस आला तर प्लास्टिकचं आवरण, पाऊस थांबला की लगेच काढायचं.

दगडगोट्यांचा चढ गाडीने होत नाही. प्रयत्न केला, रेघ गायब झाली, सोडून दिला. त्या चढासाठी बाळ छातीशी बांधायची झोळी आहे. चेहरा दिसेल, हनुवटी छातीवर पडणार नाही आणि मान जरा खाली केली की टाळूचा पापा घेता येईल इतकं वर. गाडी पायथ्याशी झाडाला टेकवून ठेवायची. पळायचं मात्र अजून नाही. या गाड्या पळणाऱ्यांसाठीच्या असल्या तरी बाळाची मान सावरून ते नीट बसू लागेपर्यंत फक्त चालायचं.

आता बाळ बसतं. गेल्या आठवड्यात कॅरीकॉट काढून आसन लावलं, खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून येणारा पाचपदरी पट्टा बांधला. बाळाचा हात बाहेर लोंबतो आणि भुरीच्या कानाला लागतो. तिने डावी बाजू सोडलेली नाही, फक्त थोडी पुढे सरकून चालते, कान बाळाच्या हाताला लागेल इतकी.

काल रात्री पाऊस आला. ओसरीवरची गाडी भिजायला नको म्हणून मी दिवा न लावता ती आत ओढली आणि सवयीने ब्रेक दाबला. खट्. कोपऱ्यात गाढ झोपलेली भुरी उठली, अंधारातून आली, आणि रिकाम्या गाडीच्या डाव्या चाकाशी येऊन बसली.